बाईंचं तेलाचं भिंग

“गाडी येऊन राहिली. डोळे वर.”

बाई असं म्हणाल्या की नळीला डोळा लावून बसलेला माणूस, मग तो कॉलेजातला पोरगा असो की दवाखान्यातला डॉक्टर, मुकाट मान वर करायचा. बाहेर काहीच ऐकू येत नसायचं. निंबाच्या झाडावर एखादा होला घुमत असेल, तेवढंच. मग बऱ्याच वेळानं बडनेऱ्याकडून शिटी यायची, खिडकीच्या काचा बारीक थरथरायच्या आणि पितळी यंत्राखाली जो एवढासा थेंब ठेवलेला असेल त्याच्यात, बाईंच्या म्हणण्याप्रमाणे, धरणीकंप होऊन जायचा. गाडी गेली की बाई आपल्या पायांकडे पाहायच्या. पायांनी होकार दिला की काम पुन्हा सुरू.

कारण गाडी त्यांना पायांनी कळायची. खोलीत त्या कायम अनवाणी असत. चपला दाराबाहेर, तळवे फरशीवर सपाट टेकवलेले. थंडीच्या दिवसांत त्या फरशीवर मला उभं राहवत नसे, आणि बाई तिथं घाटावर बसल्यासारख्या निवांत बसत. नळीत पाहताना त्या दुसरा डोळा मिटत नसत. नवीन माणूस हटकून एक डोळा गच्च मिटून घ्यायचा, त्यानं त्याचा चेहरा लिंबू खाल्ल्यासारखा व्हायचा. बाई म्हणायच्या, “मिटते कावून? दोन्ही उघडे ठेव. एकानं हे पाह्य, दुसरा जगाले राहू दे.” त्यांचा स्वतःचा एक डोळा थेंबातल्या जिवांत असे आणि त्याच वेळी दुसरा डोळा, चहाचा कप मी कुठं ठेवतोय, ते पाहत असे.

अमरावतीच्या एका कॉलेजच्या मागच्या अंगाला ती खोली होती. गावात चांगलं सूक्ष्मदर्शक यंत्र तेवढं एकच. चार ठिकाणच्यांनी मिळून घेतलेलं: कॉलेज, मोठा दवाखाना, गुरांचा दवाखाना आणि अकोल्याचं कापसाचं खातं. म्हणून ते कुणा एकाचं नव्हतं, आणि कुणाचंच नव्हतं म्हणून बाईंचं होतं. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, पण त्यांचं खरं राज्य या खोलीवर. वार ठरलेले असत. लोक बैलगाडीतून, सायकलवरून, मोटारीनं आपापली चीज घेऊन येत. कुणी संत्र्याच्या झाडाचं पिवळं पडलेलं पान आणी, कुणी म्हशीचं रक्त. गावातले लोक तिला दुर्बिणीची खोली म्हणत. बाईंना ते आवडत नसे. त्या ‘नळी’ म्हणत, बस.

मी तिथं शिपाई. पाचवीत शाळा सुटलेली. गाव कोकणात, खाडीच्या काठावर. वडील गेल्यावर जाळी दुरुस्त करून पोट भरेना, तेव्हा रेल्वेत असलेल्या एका नातलगाच्या ओळखीनं मी बडनेऱ्याला उतरलो. इथली भाषा मला आधी भांडणासारखी वाटायची. कुणी “काय करून राहिला बे?” असं विचारलं की माझं काहीतरी चुकलं असं वाटून मी हातातलं काम टाकायचो. मला सगळ्याचीच धास्ती होती. काच फुटेल, साहेब रागावतील, नोकरी जाईल. घरी बायको होती, आणि एक मुलगी. ती मी इकडं आल्यावर झालेली, अजून पाहिलेलीही नव्हती.

कामावर ठेवताना बाईंनी मला शाळेबद्दल काहीच विचारलं नाही. आधी काय करत होतो ते विचारलं. जाळ्याच्या गाठी मारायचो म्हटल्यावर त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि कारकुनाला म्हणाल्या, याला ठेवा, याची बोटं घाई करत नाहीत. काचा धुणं, सुकवणं, वरच्या पातळ काचा कागदात गुंडाळून ठेवणं, एवढंच काम. त्या पातळ काचा अशा असतात की श्वास लागला तर उडतील. मी त्या हाताळताना श्वास धरून ठेवायचो. बाई म्हणायच्या, “श्वास घे रे समुद्रा. मरशीन.”

मला त्या समुद्रच म्हणायच्या. “समुद्रा, पडदा ओढ.” “समुद्र आला का आज?” त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. मला पुष्कळदा विचारायच्या, पाणी संपतं ते ठिकाण दिसतं का, रात्री त्याचा आवाज बंद होतो का. मी सांगितलं की त्या ऐकून घ्यायच्या आणि वर मान हलवून म्हणायच्या, असंच असणार. जसं काही मी त्यांच्या अंदाजाची खात्री करून दिली.

कामावर लागल्यावर काही दिवसांनी त्यांनी वडाळीच्या तलावातलं पाणी बाटलीत मागवलं आणि मला नळीपाशी बसवलं. आधी नुसता उजेड दिसला, गोल, हलका पिवळा. मग त्या उजेडात काहीतरी आलं. हिरव्या काचेचं बांगडीसारखं, आपल्याच नादात वळत जाणारं. त्याच्या मागून होडीसारखं एक, कडेनं बारीक वल्ही हलवणारं. ते आलं, माझ्याकडं बघितल्यासारखं थांबलं आणि गेलं. मला माझी खाडी आठवली, भरतीच्या वेळी होड्या अशाच एकामागून एक तोंड वळवून आत येतात. मी किती वेळ तिथं बसलो होतो कुणास ठाऊक. मान वर केली तेव्हा भिंतीवरचं ऊन सरकून दारात गेलं होतं, आणि बाई खिडकीशी उभ्या राहून माझ्या वाटणीच्या काचा धूत होत्या.

त्या खोलीचा एकच कायदा होता. आलेल्या माणसानं आधी मागच्या माणसाची काच पाहायची, मग आपली लावायची. त्यामुळं गुरांच्या डॉक्टरला संत्र्याचा रोग ओळखता यायला लागला आणि कापसाच्या साहेबांना हिवतापाचा जंतू. बाई म्हणायच्या, आपलंच पाहायला येता तर घरी आरसा असतो. आणि या कायद्याला जोडून दुसरी गोष्ट: मागचा माणूस उठला की मधे काही पुसायचं नाही. वरची डोळ्याची नळी नाही, खालचं भिंग नाही. संध्याकाळी सगळे गेले की बाई स्वतः झायलॉल नावाच्या, तेल काढणाऱ्या औषधात बुडवलेल्या मऊ कापडानं यंत्र पुसत. दिवसभर कुणाच्या मागं कुणी फडकं काढलं तर त्यांना खपत नसे.

किती खपत नसे ते मी एकदा पाहिलं. कॉलेजच्या मंडळावरचे एक वकील पाहुण्यांना घेऊन आले होते. बाईंनी कांद्याचा पापुद्रा लावला, स्वतः पाहून नीट जमवून दिला आणि उठल्या. वकीलसाहेब बसले, खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला आणि बाईंचा डोळा जिथं लागला होता तिथं गोल गोल फिरवून पुसलं. बाईंनी पुढं होऊन यंत्रावर हलकेच टोपण घातलं. म्हणाल्या, “आज उजेड नाई.”

बाहेर दुपारचं ऊन असं होतं की पत्र्यावर पापड भाजावेत. वकीलसाहेब खिडकीकडं पाहत राहिले. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, अगदी आदरानं, आणि त्यांना पोचवायला दारापर्यंत गेल्या. मला तेव्हा काही कळलं नाही. बाईंच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली त्याला दोन-तीन वर्षं झाली होती, हे मला ठाऊक होतं. रुमालाचा आणि त्याचा संबंध मी जोडला नव्हता.

सगळ्यांचं यंत्र म्हटल्यावर ते वर्षातून एकदा अकोल्याला कापसाच्या खात्याकडं जायचं. खात्याचं म्हणणं, रेल्वेच्या पार्सलनं पाठवा. बाईंनी ऐकलं नाही. पेटी मांडीवर घेऊन त्या मोटारीत खिडकीशी बसल्या, शेजारी मी. कंडक्टर आला.

“पेटीत काय हाये बाई?”

“नळी.”

“टपावर टाका न मंग.”

“लेकरू टपावर टाकते का तू?”

“लेकराले हाफ तिकीट पडते.”

“मंग फाड हाफ.”

त्यानं खरंच फाडलं. सगळी मोटार हसली, बाई सोडून. मूर्तिजापूरला गाडी चहाला थांबली. कंडक्टरच्या मनातून ती पेटी जाईना. लेकराचं तोंड तरी दाखवा म्हणाला. बाईंनी अड्ड्यावरच्या बाकावर पेटी उघडली, आरसा उन्हाकडं वळवला आणि तेल्हाऱ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या सदऱ्यावर चिकटलेला कापसाचा तंतू चिमटीनं उचलून काचेवर ठेवला. आधी त्यालाच बसवलं. तो बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “हे तं पिळलेला दोर हाये. जनमभर येचला, पन हे नाई पाह्यलं.” त्याच्या मागून कंडक्टर बसला, ड्रायव्हर बसला, चहावाला कपबशा तशाच टाकून आला. बायांनी पदर सावरून, वाकून पाहिलं. एकाच्या मागून एक डोळा तिथं लागत होता. जो तो पाहून उठला की बाजूला उभा राही, आणि आपल्याच कपड्यांकडं नवीन असल्यासारखं बघत राही. मोटार केव्हाची सुटायला हवी होती. पुढं अकोल्यापर्यंत बाई पेटीवर हात ठेवून झोपल्या. त्यांना झोपलेलं मी तेवढंच पाहिलं. चेहरा इतका सैल होता की मी खिडकीकडं हात करून त्यांच्यावर सावली धरली.

आता जे सांगायचं आहे ते त्याच्या पुढच्या हंगामातलं.

दिवाळी झाली की अमरावतीत कापसातली सरकी काढणाऱ्या जिन सुरू होतात, आणि हवेत कापसाची लव तरंगायला लागते. कवडशात ती दिसते. माणसांच्या भुवयांवर बसते, वाळत घातलेल्या धोतरांवर बसते. मला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसाचा. अंगातून ताकद गेल्यासारखी वाटे. बायको आणि मुलगी संक्रांतीनंतर येणार असं ठरलं होतं. मेहुणा पोचवायला येणार होता. राजापेठेत मी एक खोली बघून ठेवली होती, तिला बाहेरून नळ होता. मी खोकला लपवायचो. पण बाईंच्या पायांना बडनेऱ्याची गाडी कळते, त्यांना माझा खोकला कळणार नाही असं कसं होईल?

दवाखान्याचे डॉक्टर आठवड्यातून ठरलेल्या वारी थुंकीच्या काचा घेऊन आमच्याकडं येत. त्यांच्याकडच्या यंत्राचं मोठं भिंग तडकलं होतं. अचलपूरचा तरुण माणूस, हसरा, बाईंना फार मानायचा. बाईंनी त्यांना माझीही थुंकी घ्यायला लावली. काच रंगवून तयार झाली.

क्षयाचा जंतू पाहायचा तर सगळ्यात मोठं भिंग लागतं, आणि ते तेलात बुडवावं लागतं. काचेवर देवदाराच्या तेलाचा थेंब सोडायचा, आणि भिंगाचं टोक त्या थेंबात टेकेपर्यंत खाली आणायचं. मग निळ्या मैदानात लाल काड्या दिसतात. असल्या तर.

डॉक्टरांनी आधी एका रोग्याची काच पाहिली. मग माझी लावली. काच थोडी मागं घेऊन त्यांनी तीच जागा पुन्हा पाहिली. त्यांनी बाईंना पाहायला सांगितलं. बाईंनी पाहिलं. थोड्याच होत्या काड्या, पण होत्या.

डॉक्टर चांगला माणूस, त्यांनी मला घाबरवलं नाही. औषधं आता मिळतात, सहा-आठ महिने दवाखान्यात राहावं लागेल म्हणाले. पण लहान मूल जवळ आणायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी विचारलं, लांबून पाहिलं तर चालेल का. ते काचा पेटीत भरायला लागले.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. ते दिवस पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात. काचांना हात लावायला मला मनाई होती. बाईंनी मला घरी पाठवलं नाही. खिडकीखाली निंबाच्या सावलीत बाज टाकून दिली आणि पडून राहा म्हणाल्या. वरून लव पडत असे, पिवळी पानं पडत. दवाखान्यात जागा व्हायची वाट पाहायची होती. घरी कळवायचं होतं की येऊ नका, आणि ते माझ्याच्यानं होत नव्हतं. मुलीचा चेहरा मी मनात तयार केलेला होता, आईचे डोळे आणि माझं कपाळ घेऊन. तो रोज थोडा थोडा पुसट व्हायला लागला.

आणि मग अकोल्याचे कापसाचे साहेब आले. गडगडाटी माणूस, खिशात सुपारी, बोलण्यात अर्धं हिंदी. कापसाच्या तंतूवर कसली तरी बुरशी चढली होती, तिच्यासाठी त्यांनाही तेलाचंच भिंग हवं होतं. त्या दिवशी त्यांच्या आधी डॉक्टर येऊन गेलेले. कायद्याप्रमाणे साहेबांनी डॉक्टरांची काच पाहिली, मग आपली लावली. मी बाजेवर पडून खिडकीतून सगळं ऐकत होतो. मग साहेबांचा आवाज आला.

“बाई, माह्या कापसाले टीबी झाला वाटते.”

आत काचा मांडण्याचा आवाज चालूच राहिला.

“मजाक नाई. या, पाहा. डॉक्टरच्या काचेवर हाये तीच लाल काडी. एक इकडे, दोन तिकडे. आता कापूस खोकलते का?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई कधी खुर्ची ओढत नसत, उचलून ठेवत. त्या दिवशी ओढली. मी उठून खिडकीचे गज धरून उभा राहिलो. बाईंनी नळीतून पाहिलं, बऱ्याच वेळानं डोळा काढला. मग माझ्याच हातची धुतलेली एक नवी कोरी काच घेतली, उजेडात धरून पाहिली, तिच्यावर फक्त तेल टाकलं. आधी रोग्याची काच, मग ही कोरी. कोऱ्या काचेवर लाल काडी. त्यांनी ते सगळं पुन्हा केलं. पुन्हा काडी. मग त्यांनी कापड झायलॉलमध्ये बुडवलं, भिंगाचं टोक पुसलं, आणि तिसरी कोरी काच लावली.

साहेबांनी विचारलं, “काय दिसते?”

“कायी नाई,” बाई म्हणाल्या. “कायीच नाई.”

मला इतकंच समजलं की भिंगाच्या टोकाला राहिलेल्या तेलातून एकाची काडी दुसऱ्याच्या काचेवर जात होती, आणि माझ्या काचेवरच्या काड्या कदाचित माझ्या नव्हत्याच. खोकताना मी मागचे दोन महिने तोंडावर हात धरत होतो. तेव्हा प्रथमच हात न धरता खोकलो.

डॉक्टरांना बाईंनी निरोप धाडून बोलावून घेतलं. साहेब मुद्दाम थांबले होते. बाईंनी कोऱ्या काचेचा तो खेळ डॉक्टरांसमोर परत करून दाखवला आणि म्हणाल्या, “चूक तुमची नाई. मी पुसू देत नव्हती. माह्या खोलीची चूक हाये.”

डॉक्टर म्हणाले, “आम्हाला शिकवलं होतं बाई, दर काचेमागं भिंग पुसायचं म्हणून.”

“तं बोलायचं होतं.”

“तुमच्याशी?” डॉक्टर म्हणाले, आणि साहेबांना हसू आवरेना.

बाई हसल्या नाहीत. त्या हंगामात डॉक्टरांनी ज्यांना क्षय सांगितला होता त्या सगळ्यांची थुंकी त्यांनी नव्यानं तपासायला लावली. बरेचसे खरेच आजारी निघाले, सगळे नाही. नांदगाव पेठेकडचा एक माणूस आजार कळल्यापासून घर सोडून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झोपडी करून राहिला होता. बायको ताट लांब ठेवून जायची. त्याला काही नव्हतं. त्याला सांगायला बाई डॉक्टरांबरोबर स्वतः गेल्या. परत आल्या तेव्हा चपला दाराबाहेर काढल्या आणि तळवे फरशीवर टेकवून बसल्या. संध्याकाळी यंत्र पुसताना मला म्हणाल्या, माझ्याकडं न बघता:

“शिकत होती तेव्हा माह्यामागं पुसत होते रे सगळे. मी पाहून उठली का रुमाल निघे. मास्तर मले शेवटी बसवत, म्हंजे रुमाल काढा लागू नये. मी ठरवलं, माही खोली झाली का रुमाल बंद.” कापड त्यांच्या हातात तसंच राहिलं. “त्याईचा रुमाल बंद केला. अन् तुले टीबी लावला.”

मी म्हटलं, बाई, तुमच्याच कायद्यानं साहेबांना काडी ओळखता आली. दुसऱ्याचं पाहायची सवय नसती तर त्यांनी ती बुरशीच धरली असती. त्यांनी ऐकून घेतलं, समुद्राबद्दल ऐकत तसंच. पण या वेळी मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी नवा कायदा झाला. तो त्यांनी कॉलेजच्या पोरांना, गुरांच्या डॉक्टरला, सगळ्यांना उभं राहून सांगितला. मागच्याची काच पाहायची, ते तसंच राहील. पण आता भिंग पुसायचं. “मागच्याचं नाई पुसायचं. उठताना आपलं आपन पुसायचं, पुढच्यासाठी.” आणि त्यांनी स्वतः एक काच पाहिली, उठायच्या आधी कापड घेतलं, भिंगाचं टोक पुसलं, आणि मग जागा मोकळी केली. पोरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र दिसलं की कापड ठेवताना त्यांनी आपल्या पायांकडं पाहिलं, आणि तेव्हा गाडीची वेळ नव्हती.

माझी थुंकी लागोपाठ काही सकाळी घेतली. डॉक्टरांनी दर खेपेला भिंग पुसून पाहिलं, आणि शेवटच्या काचेनंतर माझ्या पाठीवर थाप मारली. कापसाच्या लवेचा खोकला आहे म्हणाले, तोंडाला फडकं बांधून काम कर, आणि घरच्यांना बोलव. ते गेले. काच तशीच लावलेली होती. बाई म्हणाल्या, “तू पाह्य. दुसऱ्याच्या सांगन्यावर नको राहू.”

मी बसलो. दोन्ही डोळे उघडे ठेवले. नळीत निळं होतं. कुठं गडद, कुठं फिकट, मधे मधे ढगासारखे पुंजके. मी काच हळूहळू सरकवत गेलो, डावीकडून उजवीकडं, मग खाली, मग परत. लाल कुठंच नव्हतं. निळ्याच्या पलीकडं निळं येत होतं. ते इतकं शांत होतं की मला बडनेऱ्याचा फलाट दिसला, गाडीतून उतरणारा मेहुणा दिसला, कडेवरचं पोर दिसलं. मग ते निळं हलायला लागलं, विरघळायला लागलं, आणि मला कळलं की यंत्राला काही झालेलं नाही, माझ्याच डोळ्यांतून पाणी येतंय. नळीचं तोंड ओलं झालं होतं. मी दचकून उठलो, सदऱ्याचं टोक पुढं केलं.

“राहू दे,” बाई म्हणाल्या.

त्या माझ्या जागेवर बसल्या आणि ओल्या नळीला तसाच डोळा लावला. बराच वेळ काच सरकवत राहिल्या. मग तशाच, डोळा न काढता, त्यांनी विचारलं, “पोरीचं नाव काय ठेवलं रे?”

मी सांगितलं.

त्यांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हटलं. मान वर केली तेव्हा त्यांच्या डोळ्याभोवती नळीचा गोल ओला ठसा उमटला होता. तो त्यांनी पुसला नाही.